सगुणाक्काची निरगाठ

फार फार मागं, जेव्हा राजे पायी हिंडत आणि जनावरांना बोलायची लाज वाटत नसे, तेव्हा एका डोंगराच्या कुशीत दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. गावाचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातला एखादा शहाणा उठेल आणि म्हणेल, तिथं तर माझी मावशी राहते, तिथं असलं काही झालेलं नाही. मावशा सगळं सांगत नसतात, बाबा.

त्या गावात घरोघरी अंबाडीचे दोर वळत. आता दोर हा मोठा खोडकर जिन्नस. तो एकट्याला वळता येत नाही. एकानं टोक धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक घेऊन पीळ देत उलट्या पावली मागं मागं जायचं. दोघांतलं एक जरी रुसलं तरी पीळ ढिला पडतो. आणि ढिल्या दोरानं विहिरीत पोहरा खाली जातो तेवढा, वर येत नाही.

म्हणून त्या गावाला भांडण परवडत नसे. तसं भांडत सगळेच. नवरा-बायको भांडत, भाऊ-भाऊ भांडत, सासवा-सुनांचं तर विचारूच नका. पण भांडण वर्षाच्या पलीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी एक सण काढला होता. पौषातल्या पुनवेला तो यायचा. त्याचं नाव गाठसोड.

ज्याचं मन दुखलं त्यानं काय करायचं, तर हातभर सुतळी पाण्यात भिजवायची, तिला एक करकचून निरगाठ मारायची आणि ज्यानं दुखवलं त्याच्या दाराला नेऊन अडकवायची. बोलायचं काही नाही. सुतळी वाळली की गाठ दगडासारखी घट्ट होते. मग गाठसोडीच्या दिवशी दुखवणाऱ्यानं आंघोळ करून, उपाशीपोटी, ती सुतळी घेऊन दुखावलेल्याच्या दारी जायचं. दोघांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि चार हातांनी गाठ सोडवायची. सुरी लावायची नाही, दात लावायचे नाहीत. सुटली की दोघांनी एकाच तांब्यातलं घोट घोट गुळपाणी प्यायचं आणि जेवायचं.

दिसायला सोपं. पण दोर वळणाऱ्यांनी मारलेली गाठ आहे ती. दोन-दोन, तीन-तीन तास लागत. एकानं कड ढकलायची, दुसऱ्यानं पेड ओढायचा, बोटाला बोट लागणार, नखं दुखणार. तोंड बंद ठेवून माणूस किती वेळ बसेल? आधी 'जरा इकडून दाब' एवढंच बोलणं व्हायचं. मग 'तुझं नख तुटलं वाटतं' व्हायचं. गाठ सुटेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच दोघांना नीट आठवत नसे. सणाची सगळी करामत त्या तीन तासांत होती. गुळपाणी आपलं नावाला.

हे 'नावाला' म्हटलं ते ध्यानात ठेवा, कारण गोष्ट तिथंच घसरणार आहे.

पुढं काय झालं, समुद्रापलीकडे एक मोठं बंदर होतं. तिथल्या राजाकडे जहाजं पुष्कळ आणि दोर वळणारं कुणी नाही. त्यानं निरोप धाडला, या, राहा, दोर वळा. गावातली पंचवीस-तीस घरं उठली आणि गेली. त्यांच्याबरोबर सण गेला, अंबाडीचं बी गेलं, आणि येसूआबा नावाचे एक म्हातारे गेले, ज्यांना सगळ्या रीती पाठ होत्या आणि त्या मोडायच्या पळवाटाही.

बंदरात दारूचा गुत्ता चालवणारा एक गुत्तेवाला होता. लाल दाढी, मोठं पोट, आणि मनानं चांगला माणूस. खरंच चांगला. त्याला फक्त सण फार आवडत. त्या बंदरात दहा मुलखांची माणसं, आणि प्रत्येकाचा सण कधी येतो हे त्यांच्या पुजाऱ्यांपेक्षा त्याला आधी कळे. तेल्यांची घाणापूजा आली की तो दारात घाणा काढी आणि पिंप फोडी. कोळ्यांचा सण आला की जाळं टांगी आणि पिंप फोडी. घंटा ओतणाऱ्यांच्या सणाला घंटा वाजवी आणि, आता मी काय सांगू, तुम्हीच सांगा.

पहिल्या वर्षी तो गाठसोड बघायला आला. दारोदारी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली बघून त्याला फार गंमत वाटली.

"आणि शेवटी काय पिता?" त्यानं विचारलं. नेमकं तेवढंच विचारलं.

"गुळपाणी," येसूआबा म्हणाले.

"या थंडीत? पाणी?" त्याला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या वर्षी त्यानं एक सुरई भेट पाठवली.

आबांनी वास घेतला, डोळे मिटले, विचार केला. मग म्हणाले, "मुलूख थंड आहे. गुळपाण्यात दोन थेंब घातले तर औषधच ते."

तिसऱ्या वर्षी दोन थेंबांत गुळपाणी घालायची पाळी आली. चौथ्या वर्षी कुणीतरी म्हणालं, थंडीनं बोटं आखडतात, गाठ सोडायच्या आधीच घोटभर घेतलं तर बोटं मोकळी होतील. आबा म्हणाले, त्यात तथ्य आहे. आबांना अशा गोष्टींत फार लवकर तथ्य सापडत असे. तुमच्याही घरात असे एक आबा असतील, बघा शेजारी.

पाचव्या वर्षी गुत्तेवाल्यानं थेट गुत्त्यातच सण मांडला. आढ्याला शंभर सुतळ्या लोंबत्या सोडल्या आणि प्रत्येकीला सुरगाठ. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की सुळकन सुटणारी. गाठ सोडवा आणि प्याला घ्या. लहान पोरालाही सुटेल अशी गाठ, आणि प्याला मात्र मोठ्या माणसाच्या मापाचा. सगळं बंदर लोटलं. तेली, कोळी, घंटा ओतणारे, राजाचे शिपाई, सगळ्यांनी गळ्यात सुतळ्या घातल्या, डोक्याला उलटीसुलटी फडकी गुंडाळली आणि ओरडू लागले, "आज आम्ही सगळे दोरवळे."

आपल्या माणसांची छाती फुगली. "बघा, सगळं शहर आपला सण पाळतं," असं एकमेकांना सांगत सगळे गुत्त्यात जाऊन बसले. मान मिळाला की माणूस प्याल्यात काय आहे ते बघत नाही.

आणि दारावरच्या गाठी? त्या तशाच राहिल्या. कोण बसतंय तीन तास? एकेका दारावर तीन-तीन वर्षांच्या गाठी तोरणासारख्या लोंबू लागल्या. शहरातल्या बायकांना वाटलं, ही यांची शोभा असेल. त्यांनीही आपापल्या दाराला गाठी मारलेल्या सुतळ्या टांगल्या. फार छान दिसत, असं ऐकतो.

दोरखान्यात मात्र हाल. गुत्त्यात गळ्यात गळे घालणारी माणसं दुसऱ्या दिवशी दोरखान्यात एकमेकांकडे पाठ करून उभी राहत. टोक धरायला माणूस मिळेना. दोर ढिले निघू लागले.

आता या सगळ्यांत एक बाई होती, सगुणाक्का. साठीची, हाडं मजबूत, बोलणं कमी. आई वारली तेव्हा तिचा धाकटा भाऊ भिवा पाळण्यात होता. त्याला तिनं वाढवलं, त्याच्यासाठी लग्न केलं नाही, आणि त्याच्या हातात टोक धरायची ताकद आली तेव्हापासून दोघं मिळून दोर वळत. ती टोक धरून उभी, तो मागं मागं जाणारा. बंदरात त्यांच्या दोराला तोड नव्हती.

एकदा एका जहाजाच्या तांडेलानं नांगराचा दोर सांगितला. भिवाला घाई होती. सणांची रांग लागली होती ना, तेल्यांचा कालच झाला, कोळ्यांचा उद्या. त्यानं नव्या अंबाडीच्या आत जुनी कुजकी अंबाडी दडपली. तांडेल दोर न्यायला आला, अक्कानं निरोपाचा म्हणून दोरावरून हात फिरवला आणि तिथंच थांबली. मग तांडेलाच्या देखत तिनं अख्खा दोर उलगडून टाकला. आतली काळी अंबाडी सगळ्यांच्या पुढ्यात पडली.

भिवाचं तोंड उतरलं. आणि तोंड उतरलं की माणूस ते उगाच जास्त उघडतो. तो म्हणाला, "तू माझी आई होऊ नकोस. आई मेली माझी."

अक्का वळली. घरी गेली. संध्याकाळी भिवाच्या दाराला एक गाठ लोंबत होती.

अकरा महिने गेले. भिवानं दुसऱ्या कुणाबरोबर दोर वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अक्कानं तर कुणाला टोकच धरू दिलं नाही. मग एक दिवस कळलं, अक्का कायमची गावी निघाली आहे. कारण विचारलं तर म्हणे, "इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही." चौदा वर्षं शिजत होती, पण ते कुणी बोललं नाही. तिला तोच तांडेल नेणार होता, ज्याचं जहाज तिनं वाचवलं होतं. वारा फिरला की जहाज सुटणार.

वारा फिरला तो नेमका पौषातल्या पुनवेच्या आदल्या दिवशी. जहाज गाठसोडीच्या दिवशी दुपारच्या भरतीला निघणार असं ठरलं. त्या काळी समुद्र ओलांडून गेलेलं म्हातारं माणूस परत येत नसे. म्हणजे हाती होती ती एक सकाळ.

भिवाला हे पुरतं कळत होतं. मूर्ख असता तर मी त्याची गोष्ट सांगायला बसलो नसतो, मूर्खांच्या गोष्टींना काही चव नसते. तो पहाटे उठला, गार पाण्यानं आंघोळ केली, तोंडात कण घातला नाही. दारावरची गाठ काढली, कमरेला खोचली आणि धक्क्याकडे निघाला. अक्का तिथं आपल्या बोचक्यावर बसली होती, शेजारी झाकलेला गुळपाण्याचा तांब्या. तीही उपाशी.

भिवाचं घर आणि धक्का यांच्यामध्ये होता गुत्ता.

गुत्त्याच्या दारात पिंपं वाहून आणणारं गाढव बांधलं होतं. आतून गलका येत होता. भिवा मान खाली घालून पुढं चालला होता, पण त्याच्या कमरेची सुतळी गुत्तेवाल्याला दिसली.

"अरे, खरा दोरवळ्या चाललाय," तो आनंदानं म्हणाला. "खरी गाठ घेऊन. आत ये, आमच्या पोरांना दाखव तरी. त्यांच्यातल्या कुणी खरी हातात घेऊन बघितलेली नाही."

"मला धक्क्यावर जायचंय."

"दाखव आणि जा."

यात वाईट काय? भिवा आत गेला. सगळ्यांनी गाठ हातात घेऊन बघितली. कुणाकडून ती नखभर हलली नाही. सगळ्यांनी वाहवा केली. कोपऱ्यात येसूआबा प्याला घेऊन बसले होते.

"बस की रे जरा," आबा म्हणाले. "अक्का काय पळून चाललीय?"

"आबा, जहाज पळून चाललंय."

"भरतीला अजून वेळ आहे. सूर्य कुठं आहे बघ. सणाच्या दिवशी प्याला परत करू नये, समोरच्याचं मन दुखतं. मग तो बसेल गाठ मारून."

"मी उपाशी आहे, आबा. रीत आहे."

"उपास अन्नाचा असतो. हे काय अन्न आहे?"

भिवाला यावर उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय, कारण तुम्ही जेवून बसलाय. त्यानं एक प्याला घेतला. गार आंघोळ, रिकामं पोट, आणि अकरा महिन्यांचं ओझं. तो प्याला सरळ डोक्यात जाऊन बसला.

मग त्याला बोलावंसं वाटलं. त्यानं अक्काची गोष्ट सांगितली. कशी तिनं त्याला पाठीवर बांधून अंबाडी सोलली, कशी स्वतः ताक पिऊन झोपली आणि त्याला भाकरी दिली. आणि आपण काय बोललो तेही सांगितलं. एक तेली रडू लागला. घंटा ओतणारा म्हणाला, "तुझी बहीण ती आमची बहीण." आणि त्यानं प्याला उचलला, "अक्काच्या नावानं."

"अक्काच्या नावानं," सगळे म्हणाले.

आता बहिणीच्या नावानं उचललेला प्याला भाऊ खाली कसा ठेवणार? तेल्यानं एकदा उचलला, कोळ्यानं एकदा, शिपायानं तर तिच्या तब्येतीसाठी दोनदा. सात वेळा अक्काच्या नावानं प्याले रिकामे झाले. तिच्यावर एवढं प्रेम आयुष्यात कुणी केलं नसेल. ती तिकडे धक्क्यावर बसून होती, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता.

भिवा बाहेर आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तो ज्या बाजूनं आला होता त्याच बाजूला चालू लागला.

"धक्का तिकडे आहे," गाढव म्हणालं.

गाढव कसं बोललं असं विचारू नका. तुमच्या ओळखीची किती बोलतात ते मोजा आणि पुढं ऐका.

"ठाऊक आहे," भिवा म्हणाला. "आज सण आहे आमचा."

"माझाही आहे. तुमच्यातल्या कुणाचाही सण असला की माझ्या पाठीवर सहा पिंपं जास्त येतात. मी आता सणांची नावं विचारत नाही. वजनावरून काही फरक कळत नाही." गाढवानं कान हलवले. "पळ. पाणी चढून थांबलंय."

भिवा पळाला. म्हणजे त्याला वाटलं आपण पळतोय.

धक्क्यावर भरती काठोकाठ होती. तांडेल शिडीशी उभा होता, माणसं दोर सोडायला तयार. अक्का बोचक्यावर बसलेली.

"आलास," ती म्हणाली.

"आलो, अक्का."

तिला वास आला. तिनं त्याला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावला आणि हात पुढं केला. "दे सुतळी. मी कड ढकलते, तू पेड ओढ."

भिवानं ओढला. बोट घसरलं. पुन्हा ओढला. अंगठ्याला तर्जनी सापडेना.

"अक्का, मला दोन दिसताहेत. कुठली सोडू?"

"माझ्या हातात आहे ती."

तो हसला. मग त्याला रडू आलं. मग त्यानं दोन्ही डोळे बारीक करून गाठ पकडली आणि उलट बाजूनं ओढली, आणि जिथून गाठ सैल होईल असं अक्कानं सकाळपासून मनात धरलं होतं, तो कोपराही घट्ट बसला.

"तिकडून नाही रे."

"त्यांनी सगळ्यांनी तुझं नाव घेतलं, अक्का. सात वेळा." एवढं बोलून त्याचं डोकं तिच्या गुडघ्यावर आलं.

अक्का एकटीच दोन हातांनी झटत राहिली. दोन हातांनी ती सुटणार नव्हती. तिनंच मारली होती, तिला ठाऊक होतं.

"बाई," तांडेल हळूच म्हणाला, "पाणी उतरायला लागलं."

"थोडं थांबा."

तो थांबला. शिडीवरची माणसंही थांबली. पण समुद्राला कुणाची बहीण ठाऊक नसते.

"बाई."

अक्कानं गाठ भिवाच्या मुठीत ठेवून मूठ मिटवली. त्याचं डोकं उचलून एका दोराच्या वेटोळ्यावर ठेवलं. गुळपाणी गाठ सुटल्याशिवाय प्यायचं नसतं, म्हणून तिनं तांब्या समुद्रात ओतला. आणि उपाशीच शिडी चढून गेली.

भिवाला जाग आली तेव्हा ओहोटी लागली होती. होड्या चिखलात तिरप्या पडल्या होत्या. धक्क्याला जहाज नव्हतं.

त्यानं त्या दिवशी गाठ एकट्यानं सोडवून बघितली. दुसऱ्या दिवशीही बघितली. मग तो गुत्त्यात गेला. गुत्तेवाल्याला मनापासून वाईट वाटलं. "अरे, मग पुढच्या वर्षी पुन्हा आहेच की सण," तो म्हणाला. आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं.

गावाकडे जाणारं जहाज वर्षातून एकदाच निघे, तेही जागा असेल तर. भिवा तांडेलांच्या मागं लागला. कुणी म्हणे पुढच्या खेपेला. असं करता पुढची गाठसोडही आली. त्या दिवशी तो गुत्त्यावरून जात होता. आत गर्दी मावत नव्हती. पहिला प्याला उचलून सगळे एका सुरात ओरडले, "अक्काच्या नावानं."

कुणा नव्या खलाशानं विचारलं, "अक्का कोण?"

"कोण जाणे," गुत्तेवाला पिंप उघडता उघडता म्हणाला. "देवी असेल यांची एखादी."

येसूआबा तिथंच बसले होते. ते नुसते प्याल्यात बघत राहिले. या वेळी त्यांना कशातच तथ्य सापडलं नाही.

भिवा त्याच आठवड्यात एका भलत्याच दिशेला जाणाऱ्या जहाजावर दोर सांधायच्या कामाला लागला. तीन मुलूख फिरून, तीन बंदरं बदलून, दोन वर्षांनी तो आपल्या डोंगराखाली उतरला. वाटेत त्याला पुष्कळांचे पुष्कळ सण लागले. त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि पुढं गेला.

पौषातल्या पुनवेला सकाळी तो अक्काच्या दारात उभा राहिला. आंघोळ केलेला, उपाशी, कमरेला गाठ.

अक्कानं दार उघडलं. फार वाळली होती.

"आलास," ती म्हणाली.

"आलो, अक्का."

"वाट लांब पडली."

"मधे थांबलो होतो."

दोघं बसली. गुडघ्याला गुडघा. भिवानं गाठ काढली आणि तिच्या पुढ्यात धरली. अक्कानं हात पुढं केले, तेव्हा त्यानं ते बघितले. सांधे सुजून बोटं वाकडी झाली होती, झाडाच्या मुळ्यांसारखी. ती बोटं मिटतही नव्हती, उघडतही नव्हती.

त्याची बोटं आता स्थिर होती. तिची राहिली नव्हती.

"अक्का, मी एकटा सोडवू का?"

"एकट्यानं सुटणारी असती तर मी कशाला मारली असती?"

मग त्यानं तिची बोटं आपल्या बोटांत घेतली आणि तिच्याच बोटांनी कड ढकलू लागला, हळूहळू. तिला दुखत होतं. ती म्हणत होती, "जरा इकडून दाब." बोलता बोलता कुजक्या अंबाडीची गोष्ट निघाली आणि अक्का हसली. "तांडेलाचं तोंड आठवतं?" ती म्हणाली. भिवा म्हणाला, माझं आठवतं. डाळीचीही गोष्ट निघाली. इथल्याही पाण्यात ती नीट शिजत नाही, असं अक्कानं कबूल केलं.

दिवस मावळायला आला तेव्हा गाठीतून एक तांदूळ जाईल एवढी फट पडली होती. तेवढीच.

"पुष्कळ झाली," अक्का म्हणाली. "आता भूक लागली रे मला. बाकीची पुढच्या वर्षी."

पुढची गाठसोड यायच्या आधी, चैत्रात, अक्का गेली.

भिवा पुढं त्याच गावात म्हातारा झाला. त्याच्या दाराला ती अर्धी सैल झालेली गाठ शेवटपर्यंत होती. गावातली पोरं विचारत, "आजोबा, ही सुटलेली म्हणायची की बांधलेली?" तो म्हणे, "बसा. गुडघ्याला गुडघा लावा. सांगतो." आणि सांगायला तीन तास घेई. तोवर पोरांची आपसातली भांडणं मिटून जात.

एवढीच गोष्ट. आता तुम्ही मला विचाराल, म्हणजे सणाला आनंद करू नये काय? करा की, मी कोण अडवणारा, मलाही बोलवा. फक्त आधी जाऊन या, जिथं जायचं ठरवून निघालात तिथं.

तात्पर्य: सण माणसाला माणसाच्या दारापर्यंत न्यायला असतो, जो वाटेतच बसून तो साजरा करतो, त्याच्या हाती सणाचं नुसतं निमित्त उरतं आणि माणूस निघून जातं.